पंडिता रमाबाई : क्रुसावरील अक्षरे

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. तथापि १९०७ मधील इंग्रजी आत्मनिवेदनात त्या सांगतात की, त्या वेळी आपणास ख्रिस्ती धर्म गवसला होता, ख्रिस्त नव्हे. धर्मांतरकथेच्या रूढ घाटात बाप्तिस्मा हा शेवट असतो. येथे तो अपुरा आरंभ ठरतो. एवढ्यावरून बाह्य आचार रमाबाईंना गौण वाटे, असे म्हणणे मात्र घाईचे होईल. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या शाकाहाराचा आग्रह धरतात आणि क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे मागतात. संस्कृत हवे ते देववाणी म्हणून नव्हे, स्वदेशाची प्राचीन भाषा म्हणून. जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. आम्हांस तो विवेकाचा हट्ट वाटतो. चंडीगडच्या अभ्यासकास येथे साधू सुंदरसिंग आठवतील : सिमल्यात १९०५ साली बाप्तिस्मा घेऊन त्यांनी भगवी वस्त्रे पत्करली. पण तो वेष पाहणाऱ्यांशी बोलतो. क्रुसावरील अक्षरे प्रथम धारण करणारीला कळावयास हवीत. हाच निकष रमाबाईंनी पुढे भाषांतराला लावला. हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या त्यांच्या बायबलात संस्कृतप्रचुरता टाळून, अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजेल अशी सोपी मराठी योजिली आहे.