थिल्लर आणि चिल्लर

विनोदी पुस्तक परीक्षणासाठी हाती आले, की आपल्याकडील काही टीकाकारांच्या लेखणीतून 'थिल्लर' आणि 'चिल्लर' हे दोन शब्द जोडीने उतरतात. यमक जुळते म्हणून अर्थही जुळतो, अशी त्यांची समजूत दिसते. वस्तुतः या दोन शब्दांची मापे भिन्न आहेत.

'थिल्लर' म्हणजे मुळात डबके. जुन्या मराठी कवितेत हा शब्द नाम म्हणूनच वावरतो. पुढे नाम मागे पडले आणि उथळ वृत्तीचे विशेषण तेवढे उरले. त्याच्या विरुद्ध टोकाला आपण 'गंभीर' हा शब्द ठेवतो. पण त्या संस्कृत शब्दाचाही मूळ अर्थ 'खोल' असाच आहे. म्हणजे थिल्लरपणाचा प्रतिपक्ष खोली हा होय, सुतकी चेहरा नव्हे.

'चिल्लर' हा दक्षिणेकडील भाषाभगिनींच्या घरचा. कानडीत 'चिल्लरे', तेलुगूत 'चिल्लर', तमिळमध्ये 'चिल्लरै'. अर्थ सर्वत्र सुटी नाणी आणि किरकोळ जिन्नस. बेळगावच्या वा हैदराबादच्या मराठी माणसाला हे नाते सांगावे लागत नाही. तो ते बाजारात रोज ऐकतो. या शब्दाने मोजला जातो तो आकार, खोली नव्हे. शिवाय चिल्लर साठत गेली, की तिचा रुपया होतो. डबके मात्र कितीही पसरले तरी खोल होत नाही.

हा भेद विसरला, की वाङ्मयावर अन्याय होतो. बडोद्यास पालीचे अध्यापन करणारे चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पाहावेत. त्यांचे विषय चिल्लर खरेच : मध्यमवर्गीय संसारातील ओढाताण, पाहुणे, फजिती. परंतु त्या सुट्या पैशांतून एका अख्ख्या समाजाचे चित्र उभे राहते. त्याला थिल्लर कोण म्हणेल? उलट राष्ट्र, संस्कृती, आत्मा असे भारदस्त विषय घेऊन लिहिलेले कित्येक ग्रंथ घोटाभर पाण्याचेच निघतात. त्यांना हे विशेषण लावण्याचे धैर्य मात्र सहसा कोणी दाखवीत नाही.

टीकाकाराने विषय चिल्लर आहे असे अवश्य म्हणावे. ती केवळ नोंद ठरेल. 'थिल्लर' म्हणणे हा निवाडा आहे, आणि तो देण्यापूर्वी पाण्यात उतरून पाहणे हे त्याचे कर्तव्य आहे.