भूगोल पदवीधरांच्या करिअर-वाटा आणि विशेषीकरण : भिवपुरी परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

भूगोल विभागांच्या भित्तिपत्रकांवर आणि करिअर मार्गदर्शन शिबिरांत 'भूगोलातील रोजगाराच्या संधी' ही यादी हमखास आढळते. नकाशाशास्त्र, सुदूर संवेदन, जी.आय.एस., नगररचना, हवामानशास्त्र, आपत्ती व्यवस्थापन, पर्यटन, अध्यापन आणि शेवटी स्पर्धा परीक्षा असा तिचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. ही यादी खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे आणि तिचे अपुरेपण विद्यार्थ्याला बहुधा पदवी हाती पडल्यावरच कळते. रायगड जिल्ह्यातील कर्जत-खालापूर पट्टा, विशेषतः भिवपुरी परिसर, समोर ठेवून या यादीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यादी आणि पात्रता :

यादीचा पहिला दोष असा की, ती क्षेत्राचे नाव सांगते, पण प्रवेशाची अट सांगत नाही. भूमी अभिलेख विभागातील भूकरमापक पदाचे उदाहरण बोलके आहे. २०२१ च्या भरतीत या पदासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, अथवा दहावीनंतर आय.टी.आय.चे सर्वेक्षक प्रमाणपत्र, अशी अर्हता होती. म्हणजेच प्लेन टेबल आणि प्रिझमॅटिक कंपास यांची प्रात्यक्षिके केलेला बी.ए. भूगोलाचा विद्यार्थी केवळ त्या पदवीच्या बळावर या पदास पात्र ठरत नव्हता. हवामान विभागातील वैज्ञानिक साहाय्यक पदासाठी भौतिकशास्त्राची किंवा संगणक-इलेक्ट्रॉनिक्सची पार्श्वभूमी लागते. नगररचनेची वाट खुली आहे. परंतु ती एम.ए. भूगोलानंतर नियोजन विषयातील पदव्युत्तर पदवीतून जाते. हा तपशील प्रथम वर्षातच सांगितला गेला, तर विद्यार्थी जोड-अभ्यासक्रमाची निवड वेळेवर करू शकेल. तो न सांगणे ही विद्यार्थ्याची नकळत झालेली दिशाभूलच होय.

भिवपुरी : परिसरातील विशेषीकरण :

यादीचा दुसरा दोष अधिक खोल आहे. ती विशेषीकरणाला प्रदेशापासून तोडते. वस्तुतः भूगोलाच्या बहुतेक शाखा भिवपुरीच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. मावळातील ठोकरवाडी धरणात अडवलेले आंध्रा नदीचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली आणून १९२२ पासून भिवपुरी येथे वीज निर्माण केली जाते. पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारे पाणी येथे पश्चिमेकडे उल्हासच्या खोऱ्यात उतरते. वीजनिर्मितीनंतरच्या याच पाण्यावर राजनाल्याच्या लाभक्षेत्रात उन्हाळी भाताचे पीक उभे राहते. जलविज्ञान, कृषी भूगोल, ऊर्जासंसाधने आणि आंतरखोरे पाणीवाटपाचा राजकीय प्रश्न या चारही विषयांचा येथे एकाच ठिकाणी अभ्यास होऊ शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये भिवपुरी येथे १००० मेगावॅट क्षमतेच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पासाठी टाटा पॉवर आणि राज्य शासन यांच्यात सामंजस्य करार झाला. अशा प्रकल्पांना पर्यावरणीय आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास करणारे मनुष्यबळ लागते. ते स्थानिक पदवीधरांतून मिळेल की बाहेरून येईल, हा प्रश्न अभ्यासक्रमाशीच निगडित आहे.

२००३ मध्ये माथेरान व लगतचा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. जुलै २०१९ मध्ये उल्हासच्या पुरात वांगणी-बदलापूर दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी ही आदिवासी वाडी दरडीखाली गाडली गेली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने त्यानंतर विधिमंडळात सांगितले. पायवाटेखेरीज वाट नसल्याने मदतपथकांना डोंगर चढून जावे लागले. उतारांची नोंद असती तर दुर्घटना टळली असती, असा दावा कोणी करू नये. तथापि वाडीवस्तीचा उतार, मातीचा थर, पाण्याचे प्रवाह आणि पोहोचण्याचा मार्ग यांची नोंद करणे हे पदवीस्तरावरील भूगोलाच्या आवाक्यातील काम आहे, हे नाकारता येत नाही.

जी.आय.एस.चा मोह :

फेब्रुवारी २०२१ ची भू-अवकाशीय माहितीविषयक मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२२ चे राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण यांमुळे नकाशा-माहितीचे क्षेत्र खासगी उद्योगांना मोठ्या प्रमाणात खुले झाले. गावठाणांच्या ड्रोन मोजणीसाठी २०२० पासून स्वामित्व योजना राबविली जात आहे. साहजिकच जी.आय.एस. प्रमाणपत्राची मागणी वाढली. मात्र आज्ञावली चालवणे आणि भूगोल जाणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. क्यूजीआयएस विनामूल्य उपलब्ध आहे. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रमही उपलब्ध आहेत. आज्ञावली संगणकाचा किंवा अभियांत्रिकीचा विद्यार्थीही शिकतो. कोणता थर कशावर ठेवावा आणि त्यातून कोणता प्रश्न विचारावा, ही समज मात्र क्षेत्रभेटीतूनच येते. भूगोल पदवीधराचे वेगळेपण तेथेच आहे.

आक्षेप आणि उत्तर :

महाविद्यालय हे सेवायोजन कार्यालय नव्हे, भूगोल ही ज्ञानशाखा आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो तत्त्वतः रास्त आहे. परंतु प्रवेशाच्या वेळी संधींची यादी दाखवायची आणि पदवीनंतर ज्ञानशाखेच्या शुद्धतेचा आधार घ्यायचा, ही भूमिका सुसंगत नाही. कर्जत-खालापूरमधील आदिवासी व शेतकरी कुटुंबांतून आलेल्या, कुटुंबात प्रथमच पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला ही विसंगती सर्वाधिक महाग पडते. चुकलेली दोन वर्षे भरून काढण्याची आर्थिक ताकद त्याच्यापाशी नसते.

समारोप :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी रचनेत क्षेत्रीय प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. त्यांचा उपयोग करून दोन गोष्टी तातडीने करता येतील. पहिली, प्रत्येक करिअर-वाटेपुढे अर्हता, जोड-अभ्यासक्रम आणि लागणारा कालावधी स्पष्ट लिहिणे. दुसरी, परिसरातील वाड्यावस्त्या, उतार, प्रवाह आणि लाभक्षेत्रे यांची नोंदवही विद्यार्थ्यांकरवी तयार करून ती दरवर्षी अद्ययावत ठेवणे. अशी नोंदवही मुलाखतीत विद्यार्थ्याच्या कामाचा पुरावा ठरेल आणि ग्रामपंचायतीलाही उपयोगी पडेल. विशेषीकरण नामावलीतून निवडले जात नाही. ते परिसरातील प्रश्नाच्या दीर्घ अभ्यासातून घडते. भूगोल विभागांनी भित्तिपत्रकावरील यादी बदलण्याआधी ही बाब मान्य करणे आवश्यक आहे.