मातीचे भांडे : ‘स्मृतिचित्रे’तील श्रद्धाविचार

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे आपण दोन प्रकारे पाहत आलो आहोत. साहित्याचे अभ्यासक त्यातील विनोदाचे आणि घरगुती भाषेचे कौतुक करतात. श्रद्धाळू ख्रिस्ती वाचक त्यात साक्ष शोधतात. मला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. देव सामान्य माणसांच्या हातून काम करतो, ही ख्रिस्ती धारणा या पुस्तकात विनोदाच्याच आधाराने उभी राहते.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मातीच्या भांड्याची उपमा आहे : ठेवा देवाचा, भांडे ठिसूळ. सोवळ्याच्या घरात ही उपमा निराळी ऐकू येते. तिथे विटाळलेले पितळ घासून घेता येते. मातीचे भांडे टाकूनच द्यावे लागते. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे तर असे, की बाहेरची वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळातला क्रम मला निर्णायक वाटतो. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. ज्या हातचे पाणी चालते, त्या हातून देवही येऊ शकतो. हे अनुमान माझे आहे. बाई तत्त्वज्ञान सांगत बसत नाहीत.

टिळक मात्र या पुस्तकातले सर्वांत ठिसूळ भांडे. श्रद्धा अपार, राग नाकावर, हातात पैसा टिकायचा नाही आणि दारी आलेला प्रत्येक जण घरचा. त्यांच्या औदार्यात देव पाहणे परक्याला सोपे आहे. त्या औदार्याचा स्वयंपाक कोणी केला, हे लक्ष्मीबाईच सांगू शकतात, आणि त्या ते हसत हसत सांगतात. पण त्यांनी टिळकांना संत केले नाही. तसे केले असते तर भांडे सोन्याचे झाले असते आणि पौलाची उपमा वाया गेली असती. दोष न झाकता त्या माणसातून आलेले चांगले स्वीकारणे, हीच इथली श्रद्धा आहे.

१९१९ मध्ये टिळक वारले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. लहानपणी शाळा न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे बहुतेक अध्याय लिहिले. या घरातला ठेवा कोणत्या भांड्यात होता, हे ठरवताना समीक्षकांनी हा हिशेबही मांडायला हवा.