चिंचोक्यांचा खेळ: काय शिकवतो, काय लपवतो

संशोधन पद्धतीच्या वर्गात हा खेळ तुम्हीही कधीतरी खेळाल. पिशवीत चिंचोके, किती ते माहीत नाही. ४० काढायचे, खूण करून परत टाकायचे, पिशवी हलवायची. मग ५० काढायचे. त्यात खुणेचे १० निघाले, तर ४० गुणिले ५० भागिले १०, म्हणजे सुमारे २००. शेवटी पिशवी ओतून मोजायचं. आकडा जवळपास आला की वर्ग खूश!

मूलमध्ये आम्हीही खेळलो. खेळ चांगलाच आहे. प्रत्येक गटाचं उत्तर थोडं वेगळं येतं, त्यामुळे अंदाजाला मागेपुढे जागा ठेवावी लागते हे न सांगता कळतं. शिवाय शेजारच्या ताडोब्यात वाघ मोजतात ते याच तत्त्वावर. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, म्हणून फोटो हीच खूण. दोन्ही कुशींचे पट्टेही सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे. उल्लास कारंत यांनी १९९०च्या दशकात नागरहोळेच्या जंगलात ही पद्धत वापरली. २००६च्या देशव्यापी गणनेपासून पाऊलखुणांवरची जुनी मोजणी मागे पडली.

माझी तक्रार वेगळी आहे. सूत्र गृहीत धरतं की प्रत्येक चिंचोका हाती लागण्याची शक्यता सारखी आहे. खेळात हे काम ‘पिशवी हलवा’ एवढ्यावर उरकतं. जंगल कोण हलवणार? वाघाला आपापला इलाका असतो. वाटेवरचा वाघ पुन्हा पुन्हा फोटोत येतो, आडबाजूची वाघीण एकदाही नाही. आणि खात्री करायला जंगल ओतता येत नाही.

म्हणून दुसरा डाव न हलवता खेळा. खुणेचे चिंचोके वरच राहू द्या आणि वरूनच ५० काढा. समजा खुणेचे २५ आले, तर उत्तर येतं ८०. सूत्र तेच, हिशेब बरोबर, उत्तर साफ चूक. आता गटाला विचारा: कॅमेरे कुठे लावाल? प्रयोगाची आखणी इथून सुरू होते, आणि नेमका हाच भाग पहिल्या डावात नाही. मोहफुलं वेचायला माणसं पहाटे जंगलात शिरतात, त्या भागात अशी चूक वहीपुरती राहत नाही.

तुमचा विषय वाघ नसेलही. घरोघरी सर्वेक्षण करणार असाल, तर डांबरी रस्त्यालगतचीच घरं जास्त येतायत का, ते माहिती गोळा करण्याआधी बघा. नंतर कुठलंही सॉफ्टवेअर पिशवी हलवून देत नाही.