समन्वय की सरमिसळ? : घोड्याच्या मानदुखीवरील उपचारविचाराची चिकित्सा

घोड्याच्या मानदुखीसंबंधीच्या लेखनात ‘समन्वित उपचार’ हा शब्दप्रयोग आता रूढ झाला आहे. औषधे, व्यायाम, मर्दन, अ‍ॅक्युपंक्चर आणि काइरोप्रॅक्टिक यांची नावे एका ओळीत मांडली की समन्वय साधला, अशी त्यामागील समजूत दिसते. परंतु समन्वयाला एक मध्यवर्ती सूत्र लागते. ते सूत्र निदानाचेच असू शकते. आणि खरी अडचण तेथेच आहे.

घोड्याच्या मानेत सात कशेरुका असतात. त्यांपैकी पाचवी-सहावी आणि सहावी-सातवी यांमधील सांध्यांत झीज व संधिदाह विशेषेकरून आढळतात. पुढच्या पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची मुळे याच भागातून निघत असल्यामुळे मानेतला विकार कित्येकदा पायाच्या लंगडेपणातून प्रकट होतो. उलट, क्ष-किरणचित्रात सांधा वाढलेला दिसूनही घोड्याला वेदना नसते, असेही घडते. तेव्हा केवळ चित्रावरून केलेले निदान जसे अपुरे, तसेच केवळ चाचपून केलेलेही.

रुग्ण मुका असल्याने त्याच्या वर्तनाला साक्षीचे मोल येते. स्यू डायसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेली वर्तनसूची या दृष्टीने महत्त्वाची आहे. स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या, कान मागे पाडणे, शेपटी झटकणे, तोंड उघडणे अशा चोवीस लक्षणांपैकी आठ वा अधिक आढळल्यास अस्थि-स्नायूंतील वेदनेचा संशय बळावतो. वेदनेचे स्थान ही सूची सांगत नाही. परंतु ज्याला आजवर खोड म्हटले गेले ते पुष्कळदा दुखणे असते, हे तिने दाखविले. (‘अडेलतट्टू’ हे विशेषण मराठीने माणसाला सहज बहाल केले, मूळ तट्टाची मान कोणी तपासली होती की नाही, कोण जाणे!)

उपायांच्या पुराव्याकडे वळले असता आणखी एक दोष जाणवतो. गाजर दाखवून मान वळवावयास लावण्याच्या व्यायामांचा आधार म्हणून २०११ चा एक अभ्यास पुढे केला जातो. त्यात आठ घोड्यांना तीन महिने हे व्यायाम दिल्यावर कण्यालगतचा स्नायू पुष्ट झाला. मात्र मोजमाप झाले ते पाठीच्या स्नायूचे. मानेच्या वेदनेचे नव्हे. पाठीचा पुरावा मानेला लावणे ही शास्त्रीय उसनवारीच होय. प्राण्यांवरील हस्तोपचारांच्या २०२१ मधील व्यवस्थित समीक्षेलाही उपलब्ध पुरावा दुबळाच आढळला. सांध्यात कॉर्टिकोस्टेरॉइड टोचण्याचे यशही बऱ्याच अंशी मालकाच्या अभिप्रायावरून ठरविलेले असते, आणि उपचारावर खर्च केलेल्या मालकाला सुधारणा दिसू लागणे स्वाभाविक आहे. कसोटी लावावयाची तर ती सुईला आणि इंजेक्शनला सारखीच लावली पाहिजे.

ही केवळ तात्त्विक काटेकोरी नव्हे. मज्जारज्जूवर दाब आलेल्या, चालताना झोकांड्या खाणाऱ्या घोड्याच्या मानेला निदानापूर्वी झटका दिल्यास अपाय होऊ शकतो.

कारणमीमांसेत स्वाराचा हात तर वगळताच येत नाही. बळाने मान अतिरिक्त वाकविण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०१० मध्ये अमान्य ठरविली. आठवड्यातून एकदा मानेचे मर्दन करावयाचे आणि उरलेले सहा दिवस तीच मान लगामाने छातीशी ओढून धरावयाची, याला कोणत्या अर्थाने समन्वय म्हणावे?