स्टेप्टो बापलेक

विनोदाचा उगम प्रसंगांत असतो कीं स्वभावांत, हा वाद जुना आहे, आणि प्रसंगाचा पक्ष घेणारांना प्रहसनांचें पाठबळहि भरपूर आहे. परंतु ज्या दूरचित्रवाणी-मालिकेविषयीं आम्ही येथें लिहिणार आहों, तिच्यांत प्रसंग असे फार थोडे. लंडनमधील शेफर्ड्स बुश भागांत, एका कल्पित गल्लींत, एक म्हातारा बाप व त्याचा चाळिशीकडे झुकलेला अविवाहित मुलगा राहतात. घोड्याचा गाडा घेऊन दारोदार हिंडावें, लोकांनीं टाकलेलें मोडकेंतोडकें सामान गोळा करावें व तें विकावें, हा त्यांचा धंदा. आपल्याकडील डबाबाटलीवाल्याचाच म्हणा ना. बाप आल्बर्ट, मुलगा हॅरल्ड. मुलाला हें घर सोडून जावयाचें आहे, आणि बापाला तो जावयास नको आहे. १९६२ पासून १९७४ पर्यंत, मध्यें १९६५ ते १९७० असा खंड पडून, बी. बी. सी. वर चाललेल्या ‘स्टेप्टो अँड सन’चें सारें संविधानक एवढेंच.

लेखक रे गॉल्टन व ॲलन सिम्प्सन. टोनी हॅनकॉक या विनोदी नटाशीं असलेला त्यांचा संबंध सुटल्यावर त्यांनीं अर्ध्या-अर्ध्या तासाचे सुटे खेळ लिहिले. त्यांतील एक ५ जानेवारी १९६२ रोजीं दाखविला गेला आणि त्याचीच पुढें मालिका झाली. या पहिल्या खेळाचा शेवट पाहणारा सहसा विसरत नाहीं. हॅरल्डनें जाण्याचा निश्चय करून आपली चीजवस्त गाड्यावर रचली आहे; बाप घोडा देत नाहीं. तेव्हां हॅरल्ड स्वतःच गाडा ओढूं पाहतो. गाडा जागचा हलत नाहीं. तो जोर करतो, आणि शेवटीं रडूं लागतो. विनोदी नट रडतो तसा नव्हे, खरोखरीचा. मग बाप समजूत घालून त्याला घरांत नेतो. विल्फ्रिड ब्रॅम्बेल व हॅरी एच्. कॉर्बेट हे दोघेहि गंभीर नाटकांत वावरलेले नट (त्यांच्या वयांत तेरा वर्षांचेंच अंतर होतें, यावर खेळ पाहतांना विश्वास बसत नाहीं). एखाद्या विदूषकाच्या हातीं हा प्रसंग पडला असता, तर तो हंशांत विरून गेला असता.

दर आठवड्यास चालणाऱ्या मालिकेला एक जन्मजात व्यंग असतें. अर्ध्या तासांत कितीहि उलथापालथ होवो, शेवटीं सर्व पात्रें मूळच्या जागीं येऊन बसलीं पाहिजेत. नाहींतर पुढील आठवड्यास खेळ कशाचा करावयाचा? बहुतेक लेखक हें व्यंग झांकण्याची खटपट करतात. गॉल्टन-सिम्प्सन यांनीं तेंच आपल्या कृतीचें मर्म केलें. हॅरल्ड निघतो व परत येतो, तो मालिकेच्या सोयीसाठीं नव्हे. त्याचा स्वभावच असा आहे कीं, त्याला परत यावेंच लागावें.

कारण त्याला बांधलें आहे कोणी? आल्बर्ट लबाड आहे, आजाराचें सोंग आणतो, घरीं येणाऱ्या प्रत्येक स्त्रीस पळवून लावतो, हें सर्व खरें. तथापि तो गाडा पुन्हां एकदां नीट पाहावा. हॅरल्डला आपण सुसंस्कृत असल्याचा भास आहे. पुस्तकें, संगीत यांची त्याला हौस आहे. लोकांनीं फेकलेल्या बाटल्यांच्या तळाशीं उरलेलें मद्य ओतून ओतून त्यानें आपला संग्रह सजविला आहे. बापानें घोडा दिला नाहीं म्हणून आपण अडलों, असें तो म्हणेल. परंतु पाय तर त्याचे मोकळेच होते! गाडा तेथेंच टाकून तो चालूं लागता, तर त्याला कोण अडविणार होतें? विद्यार्थिदशेंत आम्ही सर्वस्वीं हॅरल्डच्या पक्षाचे होतों. आतां पन्नाशी उलटल्यावर म्हाताऱ्याच्या लबाडीमागील भीतीहि दिसूं लागली आहे. पण म्हणून त्याला निर्दोष ठरवावयास आम्ही तयार नाहीं. त्याचें प्रेम खरें आहे, आणि त्या प्रेमानें मुलाचें आयुष्य खाल्लें आहे, हेंहि खरें आहे. लेखकांनीं यांतील एकहि गोष्ट दुसरीसाठीं सौम्य केलेली नाहीं.

१९७२ मधील दोन भाग या दृष्टीनें पाहण्यासारखे आहेत. एकांत बापलेक घराची वाटणी करून मधोमध भिंत घालतात. जाण्यायेण्याच्या वाटेवर नाणें टाकून फिरवावयाचें फाटक बसवितात. दूरचित्रवाणीचा संच मात्र एकच, म्हणून तोहि वाटून घेतात. भावाभावांच्या भांडणांत ओटीवर उभी राहिलेली भिंत ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना यांत फारशी अतिशयोक्ति वाटणार नाहीं. दुसऱ्या भागांत तुरुंगांतून पळालेले दोन कैदी, एक तरणा व एक म्हातारा, यांच्या घरांत शिरतात. घरांत ना धड अन्न, ना ऊब. हळूहळू दोघे तरणे एकीकडे व दोघे म्हातारे दुसरीकडे आपापलीं गाऱ्हाणीं सांगूं लागतात, आणि कैद कोणाची अधिक कडक हा प्रश्नच उरत नाहीं.

सर्वच भाग या तोलाचे नाहींत. उत्तरार्धांत आल्बर्टच्या घाणेरड्या संवयींचा व हॅरल्डच्या ठरावीक शिवीचा उपयोग कधीं कधीं केवळ टाळी घेण्यासाठीं केला आहे, आणि कांहीं भाग निव्वळ धांगडधिंग्यावर भागविले आहेत. अमेरिकेंत १९७२ मध्यें यावरून ‘सॅनफर्ड अँड सन’ ही मालिका निघाली; ती लोकप्रियहि झाली. परंतु तींतील बापलेकांत जिव्हाळा अधिक असल्यामुळें खेळ सुखावह होतो आणि मूळची धार जाते. इंग्लंडमध्यें मूळ मालिकेची लोकांवर किती पकड होती, हें १५ ऑक्टोबर १९६४ च्या पार्लमेंटच्या निवडणुकीवरून दिसतें. संध्याकाळीं हा खेळ लागला तर आपले मतदार घराबाहेर पडणार नाहींत, अशी मजूर पक्षाचे पुढारी हॅरल्ड विल्सन यांस धास्ती वाटली, आणि त्या दिवशींचा पुनःप्रयोग मतदान संपेपर्यंत पुढें ढकलण्यांत आला.

ज्यांना ही मालिका नव्यानें पाहावयाची असेल त्यांनीं पहिल्या, गाड्याच्या खेळापासूनच आरंभ करावा. १९७० मधील कांहीं रंगीत भाग आज कृष्णधवल रूपांतच पाहावयास मिळतात. त्यानें निराश होऊं नये, त्या अंधाऱ्या, अडगळीनें भरलेल्या घराला तो रंग शोभतो.