'लुन्-यू' व कन्फ्यूशियसचीं वचनें : एक परीक्षण

चिनी तत्त्ववेत्ता कन्फ्यूशियस (परंपरेनें इ. स. पूर्वीं ५५१–४७९) याच्या नांवावर नीतिवचनांच्या ज्या चोपड्या निघतात, त्यांचा पाया बहुधा 'लुन्-यू' या २० भागांच्या ग्रंथावर घातलेला असतो. त्यांतील वाक्यें सुटीं काढावयाचीं, सद्गुणांच्या मथळ्यांखालीं लावावयाचीं व सारीं एकाच मुखांतून निघालीं असें गृहीत धरावयाचें, ही त्यांची सर्वसाधारण तऱ्हा. ती इतिहासदृष्ट्या सदोष आहे, इतकेंच नव्हे, तर ज्या सदाचाराच्या प्रसारासाठीं ती स्वीकारली जाते, त्याचेंही तिनें नुकसान होतें, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम कर्तृत्वाचा विचार करूं. 'लुन्-यू' हा शिष्यप्रशिष्यांनीं जुळविलेला संग्रह आहे, याचा पुरावा ग्रंथाच्या पोटांतच सांपडतो. आठव्या भागांत त्सेंग-त्सू या शिष्याचें अखेरचें दुखणें वर्णिलें आहे. तेव्हां तो मजकूर त्याच्या अंतकाळानंतरचा असला पाहिजे. गोड बोलणें व साळसूद चेहरा यांविषयींचें वचन पहिल्या भागांत येतें, तेंच सतराव्यांत शब्दशः पुन्हां येतें. एकहातीं रचलेल्या ग्रंथांत असें सहसा घडत नाहीं. त्स्वेइ शू (१७४०–१८१६) या चिनी चिकित्सकानें शेवटचे पांच भाग मागाहूनचे ठरविले. इतरत्र गुरूच्या परोक्ष उल्लेखासाठीं येणारें 'फू-त्सू' हें आदरवाचक पद त्या भागांत समक्ष संबोधनासाठींही येतें, हा त्याचा एक आधार होय.

हान राजवटींत या ग्रंथाचे लू, छी व 'प्राचीन' असे तीन पाठ होते; त्यांचे भाग अनुक्रमें २०, २२ व २१. चांग यू (मृत्यु इ. स. पूर्वीं ५) यानें लू पाठ आधारास धरून छी पाठाशीं मेळ घातला. होपेइ प्रांतांतील तिंगचौ येथें, इ. स. पूर्वीं ५५ मध्यें वारलेल्या एका राजाच्या थडग्यांत, १९७३ सालीं 'लुन्-यू'च्या जळक्या बांबूपट्ट्या मिळाल्या. त्यांवर प्रचलित ग्रंथाचा निम्म्याहून कमी मजकूर आहे. नानछांगजवळ २०११ सालीं उजेडांत आलेल्या हायहूनच्या सरदाराच्या (मृत्यु इ. स. पूर्वीं ५९) थडग्यांत तर छी पाठांतील, पुढें लोप पावलेल्या 'ज्ञानमार्ग' प्रकरणाचा मजकूर निघाला. या शोधांवरून ग्रंथ त्या काळीं एकाहून अधिक रूपांत प्रचारांत होता हें सिद्ध होतें. त्यांतील प्रत्येक शब्द गुरूचा आहे, हें मात्र सिद्ध होत नाहीं. गुरूच्या मृत्यूनंतर तोंवर चारशें वर्षें लोटलीं होतीं. श्रद्धाळू व संशयी या दोघांनींही ही मर्यादा ओळखावी.

आतां कोणी म्हणेल, वचन चांगलें असल्यास वक्ता कोण याची उठाठेव कशाला? याचें उत्तर अकराव्या भागांत आहे. ऐकलेली गोष्ट तत्काळ आचरावी काय, असें त्सू-लूनें विचारलें असतां, वडील व थोरले बंधू हयात आहेत, तेव्हां घाई कशी करावी, असें गुरूनें सांगितलें. तोच प्रश्न जान यूनें केला, तेव्हां तत्काळ आचरावी असें उत्तर मिळालें. तिसरा शिष्य गोंधळला. गुरूनें उलगडा केला कीं, जान यू मागें सरणारा म्हणून त्यास पुढें ढकललें. त्सू-लू अतिउत्साही म्हणून त्यास आवरलें. यांपैकीं एकच उत्तर 'सुविचार' म्हणून छापल्यास उतावळ्यास उतावळेपणाची किंवा भित्र्यास भित्रेपणाची सनद मिळते. 'जेन', म्हणजे माणुसकी, हिच्याविषयींही बाराव्या भागांत निरनिराळ्या शिष्यांस निरनिराळीं उत्तरें आहेत. प्रसंग व पात्र पाहून आचार ठरविणें हाच येथें शिकवणुकीचा गाभा दिसतो. प्रसंग गाळला कीं गाभाच गळतो.

वचन प्रसंगापासून तुटल्यानें काय होतें, याचा दाखला चीनच्याच इतिहासांत आहे. चू शी (११३०–१२००) याची टीका १३१३ मध्यें राजाज्ञेनें परीक्षेस नेमली गेली, व १९०५ सालीं त्या परीक्षा बंद होईपर्यंत तिचें वर्चस्व टिकलें. चू शीचा हेतु आत्मशुद्धीचा होता. परंतु उमेदवारांस तीच टीका अधिकारपदाची शिडी झाली. सद्गुणाचें पाठांतर व सद्गुण या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें तेथील विचारवंतांनींच वारंवार बजावलें.

सारांश, चिकित्सेनें या ग्रंथाची थोरवी उणावत नाहीं. मराठींत त्याचें भाषांतर करणारानें प्रत्येक वचनासोबत तें कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगीं सांगितलें व तें ग्रंथाच्या कोणत्या थरांतील आहे, एवढें अवश्य द्यावें. इतकें झालें तरी वाचकाच्या हातीं पोपटपंचीऐवजीं विवेक पडेल.